मामाजींना सुतक होतं

एका सोमवारी सकाळी मी शाळेला निघाले होते आणि समोरच्या घरातून भोजराजमामा बाहेर आले. डोक्यावर एक केस नव्हता. मिशीही गेली होती. बिनमिशीचे मामाजी मी कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे आधी वाटलं, यांच्याकडे कोणी पाहुणा आला आहे. पण यांच्याकडे पाहुणा येत नाही, हे लगेच आठवलं.

"मॅडम, आज आमच्या अंगनात पाय नका ठेवू जी. सुतक हाय."

"अगबाई! कोण गेलं मामाजी?"

"भाटवे."

भाटवे म्हणजे बहिणीचे यजमान. आता, मुर्री गावात आम्ही दोघं चौदा वर्षं समोरासमोर राहतो आणि मला एक गोष्ट पक्की माहीत आहे. मामाजींना बहीण नाही. भाऊ नाही, बायको नाही, मूल नाही. आईवडील जाऊन जमाना झाला. मी काही विचारायच्या आत ते आत गेले आणि दार लोटून घेतलं. शाळेत पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला. गेले ते माधव पेंडोरकर. टीव्हीवरचे.

ज्यांच्या घराच्या छपरावर तेव्हा अँटेना होता त्यांना 'घर नंबर बावीस' ही मालिका आठवत असेल. एकच चॅनल होतं तेव्हाची. रविवारी सकाळी लागायची. दप्तरदार नावाचं कुटुंब: चिडके पण मनाने मऊ वडील, सगळं निभावून नेणारी आई, पिंट्या नावाचा मुलगा, छोटी नावाची मुलगी. आणि दर थोड्या दिवसांनी गावाकडून उगवणारा, दोन दिवसांसाठी येऊन महिनाभर राहणारा आणि रोज सकाळी न्हाणीघर अडवून बसणारा आईचा भाऊ. तो भाऊ म्हणजे आमचे भोजराजमामा. वडिलांचं काम करायचे माधव पेंडोरकर. हे झाले मामाजींचे भाटवे.

मालिका बंद होऊन तीसेक वर्षं झाली. मामाजींच्या लेखी ती बंद झालीच नव्हती, माणसं फक्त कामाला बाहेर गेली होती.

मी मुर्रीत नवी आले तेव्हाची गोष्ट. सामानाची खोकी अजून उघडायची होती आणि हे दारात.

"टीव्ही चालू झाला का जी तुमचा? माझी बहीन येनार हाय आठ वाजता."

मला वाटलं, बहीण बातम्या देत असेल. आमचे हे रेल्वेत आहेत, त्यांनी कौतुकाने तारा जोडल्या. आठ वाजता मालिका लागली. त्यात भरजरी साडीतल्या एका सासूबाईंनी सुनेच्या खिरीत पुडी सोडली. मामाजी खुर्चीवरून अर्धे उठले.

"ताई अशी नाही जी! तिले हे करायले लावून राहिले. साध्या साध्या गोष्टीले तिच्या डोळ्याले पानी येत होतं. एकदा शूटिंगमध्ये मांजर मेली तर दोन दिवस जेवली नाही ती."

ताई म्हणजे शालिनी वरघडे. 'घर नंबर बावीस'मधली आई. पुढे त्यांना खाष्ट सासूचीच कामं मिळत गेली आणि मामाजी आमच्या घरी बसून दर वेळी त्यांना जामीन राहत आले.

पेंडोरकरांचं वेगळं. केस पांढरे झाल्यावर ते सगळ्या मालिकांचे आजोबा झाले, आणि मालिकेतला आजोबा मरायलाच असतो. "ह्या साली भाटवे तीनदा मेले," एकदा मामाजींनी मला दिवाळीच्या सुमारास हिशेब दिला. "एकदा जिन्यावरून पडून, एकदा झटक्यानं, आन् एकदा सुनेमुळे. दुसरा कोनी भेटत नाही का यांले? पन चांगला मरते ना तो! मान अशी टाकते का आपल्यालेच छातीत दुखते."

पिंट्या झालेला मुलगा मोठा होऊन पुण्यात फ्लॅट विकतो. छोटी, तिचं खरं नाव रश्मी, ती आवाजाचं काम करते. गॅस बुक करायच्या फोनवर जी बाई 'मराठीसाठी दोन दाबा' म्हणते, ती आपली छोटी, असं मामाजींनी शोधून काढलं होतं. कसं काय ते विचारू नका. एकट्या माणसाला सिलिंडर चार महिने पुरतं, पण मामाजी आठवड्यातून दोनदा तो नंबर लावत, दोन दाबत, सगळं ऐकून घेत आणि गॅस न मागवता फोन ठेवत.

"पोरगी बरी हाय," मग ते मला सांगायचे. "पन सर्दी झाली वाटते."

ती सर्दी तीन वर्षं गेली नव्हती. रेकॉर्डिंग एकच होतं ना.

मामाजींची निवड कशी झाली, हे आमच्या गल्लीत लहान मुलांनाही पाठ आहे. तरुणपणी ते झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायचे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच ती, आणि रात्रभर नाटक चालतं. सालेकशाजवळच्या एका गावात प्रयोग होता. मामाजींची गाडी लेट झाली. घरून निघताना त्यांनी तिथल्या ओळखीच्या माणसासाठी तांदळाचं पोतं घेतलेलं. स्टेशनवरून धावत पोहोचले तर त्यांचा प्रवेश सुरू होऊन गेलेला, स्टेजवरची नटी तीच ती वाक्यं बोलून वेळ काढत होती. पोतं ठेवायला वेळ कुठला? मामाजी पोत्यासकट स्टेजवर गेले. ते होते नाटकात इन्स्पेक्टर! पोतं खांद्यावर घेऊन त्यांनी खुन्याला अटक केली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले.

त्या लोकांमध्ये मुंबईचा एक दिग्दर्शक बसला होता. नागझिऱ्यात वाघ बघायला आला होता, वाघ दिसला नाही म्हणून नाटकाला आला. त्याच्या मालिकेतल्या मामाच्या कामासाठी मुंबईचा एक मोठा नट ठरला होता. पण तो नट गावाकडचं म्हणून जी भाषा बोलायचा ती महाराष्ट्रातल्या कुठल्याच गावाची नव्हती. दिग्दर्शकाने मामाजींना स्टेजमागे गाठून विचारलं, "मुंबईला याल का?"

"कायले?" मामाजी म्हणाले.

"तुमच्या बहिणीकडे राहायला."

"मले बहीन नाही."

"देतो ना," दिग्दर्शक म्हणाला.

हा किस्सा सांगताना मामाजी इथे नेहमी थांबायचे. पुढचं सांगायची घाई करायचे नाहीत.

मालिकेत दर वेळी मामा तांदळाचं पोतं घेऊन येतो असं होतं. मुंबईवाल्यांनी पोत्यात पेंढा भरलेला. मामाजींना ते पटेना. बहिणीकडे पेंढा घेऊन कोण जातं? पुढच्या वेळी त्यांनी मुर्रीहून खरा तांदूळ नेला, कोणाला न सांगता. पेंडोरकर सवयीने एका हाताने पोतं उचलायला गेले आणि तसेच वाकून राहिले. कंबर धरली. ते अस्सल कळवळत होते, आणि सारं युनिट हसत होतं. तोच प्रसंग टीव्हीवर दाखवला. दुपारी त्याच तांदळाचा भात सगळ्यांनी खाल्ला. पेंडोरकरांनी बाकावर झोपून खाल्ला.

मालिकेने मामाजींना नाव दिलं, पण घर दिलं नाही. सुट्टीत गावी आले की लग्नाच्या गोष्टी निघायच्या. मुलीचे वडील यायचे, चहा घ्यायचे, टीव्हीवरच्या गमती विचारायचे आणि मागाहून निरोप पाठवायचे: मुलगा चांगला आहे, पण जो वर्षातले आठ महिने बहिणीच्या घरी फुकट खातो, त्याच्या घरी मुलगी कशी द्यायची? एकाला मामाजींनी हात जोडून सांगितलं, "ते खोटं हाय जी, मी तिथे पगारावर हाय." तो म्हणाला, "मंग पगार घेऊन फुकट कायले खाता?"

आणि मालिका त्यांनी का सोडली? लोक विचारायचे तेव्हा ते म्हणायचे, "धानाची कापनी आली होती." मला मात्र त्यांनी एकदा खरं सांगितलं होतं. ते मुंबईत एका खोलीत भाड्याने राहायचे. दोन आठवडे शूटिंगचं बोलावणं आलं नाही. रविवारी घरमालकाच्या घरी सगळ्यांबरोबर मालिका बघायला बसले. त्यात छोटीने विचारलं, मामा कुठे गेला? आणि ताई पोळी लाटता लाटता म्हणाली, "गावी गेला."

"तेवढंच," मामाजी म्हणाले. "मी गावी गेलो हे मले टीव्हीवरून माहीत पडलं. घरमालक माझ्याकडे पाहे, मी घरमालकाकडे. मंग दुसऱ्या दिवशी गेलो."

हे सांगताना ते हसले होते. मलाही हसू आलं होतं, आणि नंतर भाजी फोडणीला टाकताना वाईट वाटलं होतं.

तर असे हे मामाजी सुतकात बसले. गल्लीत ही मोठी बातमी झाली. पूजा सांगणारे महाराज स्वतः समजवायला आले. बहिणीच्या नवऱ्यासाठी केस देत नाहीत, असं ते म्हणाले. त्यातून हा तर बहिणीचा नवरा नव्हे, आणि ती बहीणही नव्हे.

"त्याले पोरगं नव्हतं महाराज," मामाजी दारातूनच बोलले. "बायको आधीच गेली. पिंट्याले फोन केला तर म्हन्ते, अंकल, मीटिंगमध्ये हाय. कोनी तरी तर द्यायले पायजे."

महाराज तेरवीला किती वाजता येऊ, ते विचारून गेले.

तेरवी करायचीच असं ठरल्यावर मी सुट्टी टाकली. शेजारच्या फुलवंताबाई लग्नाकार्याचा स्वयंपाक करतात. त्या म्हणाल्या, "बापा! टीव्हीतल्या मानसाची तेरवी कोन करते जी? उद्या म्हनाल मालिकेतल्या सुनेची बी करा." असं म्हणत म्हणत सकाळी सहाला मोठी कढई घेऊन सगळ्यांच्या आधी हजर झाल्या. वडे, कढी, भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. मामाजींनी कशात कमी केलं नाही.

अडचण फोटोची होती. मामाजींकडे पेंडोरकरांचा एकच फोटो, मालिकेतला, सगळे जेवायला बसलेले. फोटोवाल्याने त्यातले पेंडोरकर मोठे करून दिले. त्यामुळे चौरंगावर हार घातलेला जो माणूस होता, त्याच्या तोंडात घास होता, तो खो खो हसत होता, आणि बाजूने कोणाचं तरी कोपर आत आलेलं.

"कोपर माझं हाय," मामाजी आलेल्या प्रत्येकाला सांगत होते.

मुंबईलाही त्यांनी निरोप पाठवले होते. शालिनीताईंकडून मोबाइलवर जोडलेल्या हातांचं आणि गुलाबाच्या फुलाचं चित्र आलं. मामाजींनी ते मला दाखवलं. "तिचं शूटिंग असन," म्हणाले.

पण गल्ली आली. पन्नास-साठ माणसं आली असतील. आधी सगळे गमतीने आले होते. मग फोटोसमोर बसले आणि एकेक आठवण निघायला लागली. कोणाला पोतं उचलायचा प्रसंग आठवला. कोणी म्हणालं, आमच्या बाबाले हा माणूस फार आवडे, रविवारी शेतात जात नव्हता. बोलता बोलता ज्याचं त्याचं माणूस त्यात येऊन बसलं, कोणाचे वडील, कोणाची आजी, ज्यांच्याबरोबर ती मालिका पाहिली होती. दुसरी पंगत बसेपर्यंत ती खरीच तेरवी झाली होती.

मामाजी भात वाढत होते तेव्हा खिडकीतला त्यांचा मोबाइल वाजला. त्यांचे हात भरलेले, म्हणून मी उचलला.

"मामा आहेत का?" बाईचा आवाज होता. "मी कल्पना. आश्रमातून बोलते. आज साहेबांचं तेरावं ना. मला वाटलं, मामांचा आवाज ऐकावा."

"कुठला आश्रम?"

"वृद्धाश्रम हो. पेंडोरकर साहेब होते ना आमच्याकडे, शेवटची दोन वर्षं. मी त्यांचं सगळं बघायचे. तुम्ही मामांच्या कोण?"

"शेजारीण," मी म्हटलं आणि फोन घेऊन अंगणाच्या कडेला गेले.

कल्पनाने सांगितलं ते असं. पेंडोरकरांची आठवण जात चालली होती. आधी माणसं गेली, मग ठिकाणं, मग स्वतःचं नाव. संध्याकाळ झाली की ते जेवायचं ताट सरकवून द्यायचे. घरचे सगळे आल्याशिवाय जेवणार नाही म्हणायचे. घरचे कोण, तर पिंट्या, छोटी, त्यांची आई आणि मेहुणे. आश्रमात कोणालाच ही नावं कळेनात. मग त्यांच्या बॅगेत दिवाळीची कार्डं सापडली, एकाच हस्ताक्षरातली, पुष्कळ वर्षांची. नव्या कार्डांवर मोबाइल नंबर होता. कल्पनाने लावून बघितला.

"मी मामांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, फोन त्यांच्या कानाला लावा. आणि एकदम मोठ्यानं, 'काय जी भाटवे, जेवून नाही राहिले म्हन्ते?' साहेब बघतच राहिले. मग म्हणाले, 'मेहुणे, तुम्ही आधी न्हाणीघरातून बाहेर या!' आणि घास घेतला. त्या दिवसापासून रोज सात वाजता. दोन वर्षं. मामांना ताप होता तेव्हासुद्धा. भांडायचे हो दोघं! साबण कोणी संपवला, पेपर आधी कोणी घेतला. भांडत भांडत साहेब ताट संपवायचे."

तिने फोन ठेवला. मामाजी तिकडे कोणाला तरी बुंदीचा आग्रह करत होते.

चार वाजेपर्यंत सगळं आटोपलं. फुलवंताबाई कढई घेऊन गेल्या. मामाजी ओट्यावर टेकले, मी पायरीवर बसले आणि कल्पनाचा फोन आल्याचं सांगितलं. काय बोलली तेही सांगितलं.

पत्रावळीचं एक पान पायाशी उडून आलं होतं, मामाजी ते उचलून त्याची घडी करत बसले.

"तुम्ही कधी बोलला का नाहीत मामाजी?"

"काय सांगू जी? लोकं म्हन्तील, म्हातारा अजून नाटक करून राहिला." मग म्हणाले, "एकदा मी विचारलं त्याले. म्हटलं, मी कोन? तर म्हने, मेहुणे. म्हटलं, नाव सांगा. नाव नाही आलं त्याले. भोजराज नाही आलं."

"आणि आधी? बरे होते तेव्हा?"

"बरा होता तेव्हा एक फोन नाही केला मॅडम. दर दिवाळीले कार्ड टाकत होतो. एकाचं उत्तर नाही. मले वाटे, पोहोचतच नसन. पोहोचत होते ना जी. त्यानं ठेवले होते." त्यांनी पानाची घडी उलगडली. "सारं विसरला तेव्हा मी याद आलो."

"वाईट वाटलं का?"

मामाजींनी खरोखर विचार केला. "पयल्या दिवशी वाटलं. मंग नाही. सहा वाजले का मी तोंड धुवून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत होतो. फोनवर कोन पाहून राहिलं शर्ट? पन घालत होतो. तिकडे एक मानूस जेवायचा थांबला हाय, आपल्यासाठी. असं कधी झालं नव्हतं जी माझ्यासोबत."

मी म्हटलं, "मामाजी, उद्यापासून सात वाजता आमच्याकडे येत जा. आम्हीही तेव्हाच जेवतो."

"कायले?"

"आमच्या ह्यांच्याशी भांडायला. त्यांचं कोणाशीच पटत नाही."

त्या दिवसात ते पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड घालून बराच वेळ तसेच बसून राहिले. मी उठून घागरी भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी बरोबर सातला ते आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. ताटावर बसले. आमच्या ह्यांना मी आधीच बजावून ठेवलं होतं, पण आयत्या वेळी त्यांनाही काही सुचेना. "भाजी घ्या," ते म्हणाले. "घेतो जी," मामाजी म्हणाले. "पाऊस नाही अजून," हे म्हणाले. "नाही जी," मामाजी म्हणाले. दोघांनाही भांडायला काही म्हणता काही सापडलं नाही. मामाजींनी ताट स्वच्छ केलं, मोरीवर नेऊन ठेवलं, मला हात जोडले आणि दार हळूच ओढून घेत निघून गेले.

"आता काही यायचे नाहीत ते," हे म्हणाले. "बोलणंच झालं नाही."

पण दुसऱ्या दिवशी मी कणीक तिघांची भिजवली, आणि सात वाजता ते आले.